विश्लेषण : नया नगरची चव सगळ्यांना हवी, पण वस्तीचे काय?

रमजान सुरू झाला की मीरा रोड स्थानकात उतरणाऱ्या गर्दीत खवय्यांची भर पडते. 'कुठे काय खावे' सांगणारे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात आणि नया नगरच्या गल्ल्यांची नावे मुंबईभर पोहोचतात. एरवी हे नाव बातमीत येते ते बहुतेकदा तणाव, बंदोबस्त किंवा बुलडोझरच्या निमित्ताने. खाणे आणि तणाव या दोन चौकटींच्या मध्ये जवळपास साडेचार दशके नांदणारी एक वस्ती आहे. ती वसली कशी, तिच्या ताटात कोणाकोणाची गावे आहेत आणि तिथल्या विक्रेत्यांना बाराही महिने निर्धास्तपणे उभे राहता यावे यासाठी काय करायला हवे?

नया नगर वसले कसे?

पश्चिम रेल्वेवर दहिसर सोडले की मुंबई महापालिकेची हद्द संपते. पुढचे स्थानक मीरा रोड. चार-पाच दशकांपूर्वी या भागात मिठागरे, खाजणे, भातशेती आणि मिरे, नवघर, पेणकरपाडा, काशी अशी गावे होती. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे इथले मूळ रहिवासी. स्थानकाच्या पूर्वेला १९७० च्या दशकाच्या अखेरीस सय्यद नजर हुसैन या बांधकाम व्यावसायिकाने इमारती उभ्या करायला सुरुवात केली आणि नया नगर आकाराला आले.

सुरुवातीला इथे आले ते मुंबईतल्या चाळींत दाटीवाटीने राहणारे लोक. डोंगरी, नागपाडा, मदनपुरा, भेंडी बाजार या भागांतली कुटुंबे वाढत होती, खोल्या वाढत नव्हत्या. आखातात नोकरीला गेलेल्या मुलाने पाठवलेल्या पैशांत दक्षिण मुंबईत घर मिळणे शक्य नव्हते. मीरा रोडला ते मिळत होते. पाण्याची टंचाई, अर्धवट रस्ते, पावसाळ्यात चिखल आणि लोकलचा लांबचा प्रवास ही त्याची किंमत होती.

मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महापालिका मिळाली. शहर किती वेगाने भरले ते जनगणनेत दिसते. १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. म्हणजे इथे राहणाऱ्या बहुतेक प्रत्येकाचे घर एक-दोन पिढ्यांमागे दुसरीकडे कुठे तरी होते. गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, कोकणातले मराठी हिंदू आणि मुस्लीम असे सगळेच या शहरात बाहेरून आले आहेत.

१९९२-९३ नंतर काय बदलले?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींत ९०० जणांचा मृत्यू झाल्याची नोंद न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्यानंतर मुंबईतल्या अनेक मिश्र वस्त्यांमधून मुस्लीम कुटुंबे बाहेर पडली. काही मुंब्र्याला गेली, काही मीरा रोडला आली. आधी परवडणाऱ्या घरासाठी ज्या वस्तीकडे लोक पाहत होते, तिच्याकडे आता सुरक्षित जागा म्हणूनही पाहू लागले.

'हे लोक वेगळे का राहतात' असा प्रश्न नया नगरविषयी नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर या स्थलांतरात आहे. पैसे असूनही नावामुळे घर नाकारले जाण्याचा अनुभव मुंबई महानगरातल्या मुस्लीम कुटुंबांना नवा नाही. जिथे घर मिळते तिथे लोक राहतात, मग तिथेच मशीद, शाळा, दवाखाने आणि खानावळी उभ्या राहतात. नया नगरमध्ये सुन्नी आहेत, शिया आहेत. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आहेत, कोकणातले आहेत. मीरा रोडला उर्दू लेखक-कवींची संख्या मोठी आहे आणि मुशायरे इथे नित्याचे आहेत. बाहेरून एकसारखी दिसणारी वस्ती आतून अनेक गावांची, बोलींची आणि पंथांची मिळून बनली आहे. हे सगळ्यात लवकर कळते ते तिथल्या खाण्यातून.

ताटात कोणाकोणाची गावे?

निहारी हा दिल्ली-लखनऊचा पदार्थ. 'नहार' म्हणजे सकाळ. रात्रभर मंद आचेवर शिजवलेले मांस पहाटे खायचे, म्हणून हे नाव. वरून आल्याच्या काड्या, हिरवी मिरची, लिंबू आणि सोबत खमिरी रोटी. उत्तरेकडून मुंबईत कामाला आलेल्या माणसांबरोबर ती मदनपुरा, नागपाड्यात आली आणि तिथून बिऱ्हाडांबरोबर मीरा रोडला.

गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवून केलेला खिचडा मुंबईच्या मुस्लीम घरांत मोहरममध्ये आवर्जून होतो. त्याचा भाऊबंद म्हणजे हलीम. त्यात सगळे घोटून एकजीव करतात. हैदराबादच्या हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून त्या नावाचा दबदबा आणखी वाढला. मैद्याच्या पारीत अंडे आणि खिमा भरून तव्यावर भाजलेली बैदा रोटी मात्र खास मुंबईची. मालपुवा, रबडी, मातीच्या वाटीतली फिरनी आणि ईदच्या सकाळी घराघरांत होणारा शीरखुर्मा ही गोडाची बाजू.

रमजानमध्ये यातले बरेच काही रस्त्यावर येते. मगरिबच्या अजानआधी खजूर, फळे, भजी, समोसे घेण्याची झुंबड असते. ते बांधून घरी न्यायचे असते. रात्रीची तरावीहची नमाज झाली की कबाबाच्या शेगड्या पेटतात आणि सहरीपर्यंत वर्दळ राहते. यातले सगळेच वर्षभर खानावळ चालवणारे नसतात. एरवी दुसरे काही करणारी माणसे महिनाभर टेबल मांडतात, घरातल्या बायका आदल्या रात्री कबाबाचे वाटण करून देतात आणि त्या कमाईवर ईदचे कपडे, मुलांची फी, थकलेले भाडे निघते. बाहेरून येणाऱ्याला जो जल्लोष वाटतो, तो त्या घरांसाठी हंगाम असतो.

मराठी ताट कुठे आहे?

या गल्ल्यांत एक ताट सहसा दिसत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लीम घरांतले. तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणातले मटण, माशाचे कालवण, वाफवलेली सांदणे. मीरा रोडला कोकणी मुस्लीम कुटुंबे आहेत आणि घरात त्यांची बोली मराठीच्या कुळातली, कोकणातल्या शेजाऱ्याला सहज कळणारी आहे. पण त्यांचे खाणे घरात, लग्नात किंवा ओळखीने दिलेल्या ऑर्डरीत राहते. रस्त्यावर नाव मोठे आहे ते निहारी आणि कबाबाचे.

याचे एक कारण व्यवहाराचे आहे. शेगडीवरचा कबाब पाच मिनिटांत हातात देता येतो. ताजे वाटण आणि गरम भाकरी यांना वेळ लागतो. दुसरे कारण गिऱ्हाइकाच्या अपेक्षेत आहे. मुस्लीम वस्ती म्हणजे मोगलाई खाणे, असे बाहेरून येणारा गृहीत धरतो आणि विक्रेता तेच मांडतो. नया नगरमध्ये कोकणातला शेजारी भेटेल, आपण वाढलो तशाच भाकरीवर वाढलेला, हे मराठी वाचकाच्या ध्यानीमनीही नसते.

२०२५ मध्ये मीरा रोडच्या दुसऱ्या भागात मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून मिठाईच्या एका दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला आणि ८ जुलैला त्याला उत्तर म्हणून मराठीसाठी मोर्चा निघाला. त्या सगळ्या गदारोळात मीरा रोडचा मराठी माणूस कोण, याची व्याख्या फार अरुंद झाली. घरात मराठी बोली बोलणारे कोकणी मुस्लीम तिच्यात कोणाला आठवले नाहीत. मराठीचा आग्रह धरायचा तर तो या घरांना मोजून धरायला हवा.

खाण्यावरून वाद इथेच का?

मीरा-भाईंदरमध्ये ताटाचे राजकारण जुने आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये जैन समाजाच्या पर्युषण काळात महापालिकेने आठ दिवस मांसविक्रीवर बंदी घातली आणि तो वाद राज्यभर गेला. जून २०२३ मध्ये बकरी ईदच्या तोंडावर मीरा रोडच्या एका निवासी संकुलात बकरे आणण्यावरून जमाव जमला आणि पोलिसांना धावावे लागले. दोन्ही प्रसंगांत नियम काय, यापेक्षा कोणाचे ताट शहराला चालते, हा प्रश्न मोठा झाला.

अशा शहरात नया नगरला जाऊन जेवणे ही चांगलीच गोष्ट आहे. एकाच टेबलावर अनोळखी माणसे बसतात, एकमेकांना जागा करून देतात, याचे मोल कमी नाही. पण त्यावर समाधान मानून थांबणे धोक्याचे आहे. खाण्याची आवड आणि शेजाऱ्याबद्दलची आस्था या दोन गोष्टी आपोआप जोडल्या जात नाहीत. २०२४ मध्ये ते दिसले.

जानेवारी २०२४ मध्ये काय घडले?

अयोध्येतील राम मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री, २१ जानेवारीला, झेंडे लावलेल्या वाहनांतून घोषणा देत जाणाऱ्या गटाची नया नगर परिसरात स्थानिकांशी बाचाबाची झाली आणि वाहनांवर हल्ला झाला. पोलिसांनी अटकसत्र सुरू केले. पुढच्या दिवसांत मीरा रोडच्या अन्य भागांत मुस्लिमांच्या काही दुकानांची आणि वाहनांची तोडफोड झाली. २३ जानेवारीला महापालिकेने हैदरी चौक परिसरातील दुकानांची बांधकामे अनधिकृत ठरवून पोलीस बंदोबस्तात बुलडोझरने पाडली.

हल्ला करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी होती. त्यासाठी पोलीस आणि न्यायालय आहे. अनधिकृत बांधकामांवर कारवाई हाही महापालिकेचा अधिकार आहे. प्रश्न वेळेचा आहे. वर्षानुवर्षे उभी असलेली बांधकामे दंगलीनंतर दोन दिवसांत आठवली, तर ती कारवाई नगररचनेची न वाटता शिक्षेची वाटते. शिक्षाही अशी की जिच्यात गुन्हा कोणाचा आणि दुकान कोणाचे याचा मेळ लागत नाही.

त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, १२ मार्चला, रमजान सुरू झाला. बुलडोझरच्या बातम्या ज्या मोबाइलवर पाहिल्या गेल्या, त्याच मोबाइलवर खाऊगल्लीच्या रील्स येऊ लागल्या.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझर कारवायांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई, असे त्यांचे स्वरूप आहे. मात्र रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे इमारतीतल्या दुकानदाराला या निकालाचा आधार आहे, रस्त्यावर शेगडी मांडणाऱ्याला नाही.

त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे : पथविक्रेता कायदा, २०१४. त्यानुसार शहरातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे, त्यांना प्रमाणपत्र मिळायला हवे आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना हटवता येत नाही. हटवायचे किंवा दुसरीकडे न्यायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश महिला हव्यात.

या कायद्यात 'नैसर्गिक बाजार' ही संकल्पना आहे. जिथे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने एकत्र येतात, ती जागा समितीच्या शिफारशीवरून तशी ठरवता येते. ५० वर्षांहून अधिक काळ चाललेला असा बाजार 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचे नाही, अशीही तरतूद आहे. नया नगर पन्नाशीला यायला फार वर्षे उरलेली नाहीत. तोवर तिथल्या विक्रेत्यांची कागदावर नोंदच नसेल, तर ही तरतूद त्यांच्या उपयोगाची नाही.

मग अतिक्रमण सहन करायचे का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो सर्वात आधी नया नगरचे रहिवासीच घेतात. रुग्णवाहिका अडकते, दुचाकी निघत नाही, कचरा साचतो, तेलाचा धूर पहिल्या मजल्यावरच्या घरात शिरतो. खाऊगल्लीचे कौतुक करणारा रात्री लोकल पकडून निघून जातो. सकाळी साफसफाई पाहावी लागते ती इथे राहणाऱ्याला.

पण त्यावर उपाय नोंदणी हाच आहे. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळेत, किती टेबले, मध्ये किती रुंदी मोकळी, पाणी कुठून, कचरा कोण उचलणार, हे ठरवायला विक्रेता कोण ते आधी माहीत असावे लागते. नोंद नसलेल्या विक्रेत्याला नियम लावता येत नाही. त्याला फक्त हुसकावता येते किंवा त्याच्याकडून हप्ता घेता येतो. दोन्हींत रहिवाशाचा रस्ता मोकळा होत नाही. आणि नियम करायचा तर तो शहरातल्या प्रत्येक रस्त्याला सारखा हवा. शांतीनगरमधल्या वडापाव-सँडविचच्या गाडीला एक माप आणि नया नगरमधल्या शेगडीला दुसरे, असे झाले तर नियमाचा धाक उरत नाही.

लॉस एंजेलिसने काय केले?

स्थलांतरितांच्या वस्तीला शहराने आपले म्हणणे कसे असते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. फिलिपिन्स १८९८ ते १९४६ अमेरिकेच्या ताब्यात होता. त्या काळात, विशेषतः १९२० च्या दशकात, हजारो फिलिपिनो मजूर कॅलिफोर्नियात शेतीवर आणि हॉटेलांत कामाला आले. लॉस एंजेलिसच्या मध्यभागातली त्यांची जुनी वस्ती शहराच्या पुनर्विकासात पुसली गेली आणि लोक वायव्येकडच्या टेम्पल स्ट्रीट परिसरात सरकले. २००२ मध्ये शहराने त्या भागाला 'हिस्टॉरिक फिलिपिनोटाऊन' असे अधिकृत नाव दिले. २०२२ मध्ये तिथे स्वागत कमान उभी राहिली. तिथे आज फिलिपिनोंपेक्षा लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक जास्त राहतात, तरी नाव टिकले, कारण ते लोकसंख्येच्या हिशेबाने दिलेले नव्हते. शहर उभारणाऱ्या माणसांची ती नोंद होती.

नावाच्या पाटीने सगळे सुटत नाही. तिथेही घरभाडी वाढत आहेत आणि जुने रहिवासी बाहेर ढकलले जात आहेत. पण शहराच्या नकाशावर आपली नोंद आहे, हे त्या वस्तीला सांगता येते. नया नगरच्या नावातच 'नया' आहे. चार दशके उलटल्यावरही शहर त्याला नवखेच समजते.

जायचे असेल तर...

रमजानमध्ये जायचे असेल तर इफ्तारच्या तोंडावर कॅमेरा घेऊन गर्दी करू नये. दिवसभर उपाशी असलेली माणसे तेव्हा घाईत असतात. तरावीहनंतर निवांत जाता येते. नमाज पढणाऱ्यांचे आणि बायकामुलांचे विचारल्याशिवाय चित्रण करू नये. पदार्थाचे नाव माहीत नसेल तर विचारावे, आणि मराठीत विचारावे. उत्तर मराठीत येण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त आहे. रमजान नसतानाही जावे. वर्षाच्या उरलेल्या अकरा महिन्यांत आलेले गिऱ्हाईक दुकानदाराला जास्त उपयोगी पडते.

त्याहून महत्त्वाचे काम घरी परतल्यावरचे आहे. प्रभागातल्या नगरसेवकाला आणि महापालिकेला विचारता येतील असे तीन साधे प्रश्न आहेत. नया नगरमधल्या पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण झाले का? प्रमाणपत्रे किती जणांना मिळाली? रमजानमधल्या विक्रीसाठी जागा, वेळ, पाणी आणि कचऱ्याची व्यवस्था आधी जाहीर का केली जात नाही? हे प्रश्न नया नगरच्या रहिवाशाने विचारले तर ती त्याची तक्रार ठरते. बोरिवली, ठाणे, डोंबिवलीहून आलेल्या खवय्याने आणि शांतीनगरच्या शेजाऱ्याने तेच विचारले, तर तो शहराचा प्रश्न होतो. निहारीची वाटी ज्याला चवीची वाटली, त्याने ती विकणाऱ्याची जागा पुढच्या वर्षीही शाबूत राहील, एवढे तरी पाहायला हवे.